कंपनीची पत संकटात कळते

दर वर्षी रमजान तोंडावर आला की आमच्या घरात कपाटातून एक लांबट वही बाहेर निघते. ती जकातीची वही. एका रकान्यात सोने, दुसऱ्यात रोख, तिसऱ्यात दुकानातला माल, चौथ्यात लोकांकडून येणे आणि पाचव्यात अब्बांनी वर्षानुवर्षे थोडेथोडे करून घेतलेले शेअर. शेवटी एक रकाना देण्याचा. शेअरवरील जकात कशी काढावी याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. आमच्याकडे त्या दिवसाचा बाजारभाव धरून हिशोब होतो.

२०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. टाळेबंदीला महिना झाला होता. मशिदी बंद, आमचे कापडाचे दुकान बंद, ईदचा हंगाम डोळ्यांदेखत हातचा गेलेला. अब्बांनी मोबाइलवर भाव पाहून पाचवा रकाना भरला आणि पेन खाली ठेवले. मागच्या वर्षीच्या आकड्यातला जवळपास तिसरा हिस्सा नाहीसा झाला होता. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीने विचारले, "अब्बा, कंपनी तीच, कारखाना तोच, यंत्रे तीच. मग किंमत गेली कुठे?"

अब्बा म्हणाले, "बेटा, लोकांचा भरवसा गेला. आता बघायचे, कुणाचा परत येतो."

हा लेख त्या एका उत्तराचा मागोवा आहे. कारण आज आपल्या समाजातही अनेक घरांची बचत शेअर आणि म्युच्युअल फंडात जाऊ लागली आहे. मुलीच्या शिक्षणासाठी, हजसाठी, म्हातारपणासाठी बाजूला काढलेला पैसा कुणाच्या हाती देतो आहोत, हे कळायला हवे.

भरवशालाही भाव असतो

जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांना शिवून आला होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला. त्या एकाच दिवसात घसरण १३ टक्क्यांहून अधिक होती. एकाही कारखान्याची भिंत पडली नव्हती. मग पडले काय?

शेअरचा भाव म्हणजे कंपनीच्या जमिनीची, यंत्रांची किंमत नव्हे. ही कंपनी पुढच्या वर्षांत किती कमावील, याबद्दल हजारो लोकांनी बांधलेला तो अंदाज असतो. सुखाच्या दिवसांत अंदाज बांधणे सोपे. संकटात पुढचे काहीच दिसत नाही. अशा वेळी माणूस हिशोबाच्या पलीकडचे प्रश्न विचारतो. ही माणसे खरे बोलतात का? माल देणारा यांना उधारीवर माल देईल का? कामगार टिकून राहतील का? गिऱ्हाईक परत येईल का?

या प्रश्नांची उत्तरे संकटाच्या दिवशी तयार करता येत नाहीत. ती आधीच्या दहा-वीस वर्षांत तयार झालेली असतात. कामगाराला वेळेवर पगार, नदीत न सोडलेले सांडपाणी, खरे वजन, खरे हिशोब, तक्रारीला दिलेले उत्तर. हल्ली यालाच 'शाश्वतता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतले व्यापारी याला साध्या शब्दात 'पत' म्हणत.

शिकागोतील सात मृत्यू

जगभरच्या व्यवस्थापन शाळांत या विषयावर एक प्रकरण हमखास शिकवले जाते. सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो आणि परिसरात सात जणांचा अचानक मृत्यू झाला. सगळ्यांनी टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतल्या होत्या. आपल्याकडच्या पॅरासिटामॉलसारखेच हे ताप आणि वेदनेवरचे औषध. दुकानात ठेवलेल्या बाटल्या उघडून कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरले होते. तो मारेकरी आजवर सिद्ध झालेला नाही.

औषध बनवणारी कंपनी होती जॉन्सन अँड जॉन्सनच्या समूहातली. विष कारखान्यात मिसळलेले नव्हते, त्यामुळे 'दोष आमचा नाही' असे म्हणून तिला हात झटकता आले असते. शिकागोपुरता माल परत घेऊन भागवता आले असते. कंपनीचे प्रमुख जेम्स बर्क यांनी संपूर्ण देशातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्यांची किंमत १० कोटी डॉलरहून अधिक होती. जाहिराती थांबवल्या आणि लोकांना स्वतःच सांगितले की हे औषध सध्या घेऊ नका.

त्या बाजारातील टायलेनॉलचा हिस्सा ३५ टक्क्यांच्या आसपास होता, तो काही आठवड्यांत एक आकडी संख्येवर आला. आता हे नाव संपले, असे जाणकार म्हणू लागले. पण दोन महिन्यांच्या आत कंपनी तिहेरी सीलबंद वेष्टन घेऊन परत आली आणि साधारण वर्षभरात तिने गमावलेला बहुतेक बाजार परत मिळवला. शेअरचा भावही काही महिन्यांत सावरला. आज औषधाच्या बाटलीचे सील तुटलेले असेल तर आपण ती दुकानदाराला परत करतो, त्या सवयीमागे हेच प्रकरण आहे.

हा निर्णय बर्क यांना एका रात्रीत सुचला नव्हता. १९४३ मध्येच या कंपनीने एक पानभर जाहीरनामा लिहून ठेवला होता. त्यात पहिली जबाबदारी डॉक्टर, परिचारिका आणि मातांची, मग कामगारांची, मग समाजाची आणि सगळ्यात शेवटी भागधारकांची, असा क्रम होता. संकटात तो क्रम पाळला गेला आणि शेवटच्या जागेवर असलेल्या भागधारकाचाही फायदाच झाला.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. याच कंपनीवर नंतरच्या काळात तिच्या टाल्कम पावडरवरून अमेरिकेत हजारो खटले झाले. आरोप कंपनीने नाकारले. तरी टाल्कपासून बनवलेली बेबी पावडर तिने २०२३ मध्ये जगभर बंद केली. म्हणजे १९८२ ची पुण्याई २०२३ ला पुरत नाही. पत ही एकदा बांधून ठेवायची इमारत नव्हे. ती रोज झाडायचे अंगण आहे.

दोन मिनिटांचा नाश्ता, पाच महिन्यांची शिक्षा

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. जून २०१५ मध्ये मॅगीच्या पाकिटांवर देशभर बंदी आली, ती बहुतेक घरांना आठवत असेल. उत्तर प्रदेशात घेतलेल्या नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त शिसे आणि एमएसजी असल्याचे सांगितले गेले. वेष्टनावर मात्र एमएसजी वरून घातलेले नाही, असे लिहिलेले होते. ५ जूनला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सगळा माल परत घेण्याचा आदेश दिला. नेस्ले इंडियाने हजारो टन नूडल्स बाजारातून उचलून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या. त्या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींहून अधिक तोटा झाला; आदल्या वर्षी त्याच तिमाहीत २८७ कोटींचा नफा होता. शेअरचा भावही झपाट्याने घसरला.

पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्यायालयाला आढळले. तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, नमुने मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कंपनी जिंकली. मग एवढे नुकसान कशामुळे? आमच्या मते कारण असे की सुरुवातीचे कित्येक दिवस कंपनी शास्त्रीय भाषेत 'आमचा माल सुरक्षित आहे' एवढेच सांगत राहिली. मुलाच्या डब्यात काय द्यायचे, या काळजीत असलेल्या आईला प्रयोगशाळेचे आकडे नको होते. तिला तिच्याशी बोलणारे कुणीतरी हवे होते. कायद्याने बरोबर असणे आणि आईचा भरवसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदावरची हिरवळ

तिसरे उदाहरण जर्मनीतील फोक्सवॅगनचे. सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत कारभाराच्या एका जगप्रसिद्ध निर्देशांकाने मोटार उद्योगात या कंपनीला पहिले स्थान दिले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले की कंपनीच्या डिझेल गाड्यांत एक लबाड सॉफ्टवेअर बसवलेले आहे. तपासणी चालू आहे हे गाडीला कळायचे आणि तेवढ्या वेळापुरता धूर स्वच्छ व्हायचा. रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत घातक नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. अशा गाड्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या.

शेअर बाजार उघडल्यावर पहिल्या दोन दिवसांतच भाव सुमारे तिसऱ्या हिश्शाने कोसळला. त्याच आठवड्यात प्रमुखांनी राजीनामा दिला. निर्देशांकातून नाव काढले गेले. दंड, भरपाई आणि गाड्या परत घेणे यांचा खर्च पुढे ३० अब्ज युरोंच्या वर गेला.

अहवाल सुंदर, प्रशस्तिपत्र पहिल्या क्रमांकाचे आणि यंत्राच्या पोटात खोटेपणा. तराजूचे एक पारडे जड करून ठेवणाऱ्या दुकानदाराने भिंतीवर 'प्रामाणिकपणा हेच आमचे धोरण' अशी पाटी लावावी, तसेच हे. दिखाव्याची किंमत शेवटी मूळ गुन्ह्याहून मोठी निघते.

अभ्यास काय सांगतात?

उदाहरणे सोयीची निवडता येतात, म्हणून अभ्यासकांनी आकडे तपासले. २००८-०९ च्या जागतिक आर्थिक संकटात अमेरिकन कंपन्यांचे काय झाले, याचा अभ्यास लिन्स, सर्व्हास आणि तामायो या तिघांनी केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार, ग्राहक आणि समाज यांच्याशी आधीपासून चांगले वागणाऱ्या कंपन्यांच्या शेअरचा परतावा इतर कंपन्यांपेक्षा चार ते सात टक्के अंकांनी जास्त राहिला, असे त्यांना आढळले. एरवी लोक या गोष्टींकडे फारसे बघत नाहीत. भरवसा उडालेल्या काळात मात्र भरवशाचा माणूस महाग होतो.

पण कोविडच्या काळावरील अभ्यासांत एकमत नाही. काहींना २०२० च्या घसरणीत जबाबदार कंपन्या तुलनेने सावरलेल्या दिसल्या. डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र इतर सगळ्या बाबी लक्षात घेतल्यावर शाश्वततेच्या गुणांनी शेअरना वाचवले असे दिसले नाही. त्यांच्या मते कंपनीने ज्ञान, संशोधन, नाव यांसारख्या न दिसणाऱ्या भांडवलावर केलेला खर्च कामी आला.

त्यामुळे 'चांगली कंपनी बुडतच नाही' असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. चांगुलपणा हा विमा नाही. संकटातून परत उठण्यासाठी लागणारी माणसे तो आपल्या बाजूला उभी करतो, एवढेच. आणि 'एवढेच' पुष्कळ असते.

अमळनेरची शिदोरी

आमच्या खालूंचे गाव जळगाव जिल्ह्यातले अमळनेर. १९४५ च्या अखेरीस तेथे मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनवणारी कंपनी सुरू केली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे नाव. पुढे तीच विप्रो झाली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मुलगा अझीम २१ वर्षांचा होता आणि अमेरिकेत शिकत होता. तो परत आला. पुढे तेलातून साबणात आणि साबणातून संगणकात कंपनी गेली. अमळनेरच्या अनेक साध्या कुटुंबांनी, त्यांत शेतकरी आणि छोटे व्यापारीही आले, जुने शेअर न विकता जपले. त्यावर घरे उभी राहिली, मुले शिकली.

२०१९ मध्ये अझीम प्रेमजी यांनी आपल्या विप्रोतील आणखी ३४ टक्के शेअरचे उत्पन्न समाजकार्यासाठी दिले. एप्रिल २०२० मध्ये त्यांचे फाउंडेशन आणि विप्रोच्या कंपन्या यांनी मिळून कोविडसाठी १,१२५ कोटी रुपये जाहीर केले. पुण्यातील हिंजवडीच्या कार्यालयाचे ४५० खाटांच्या रुग्णालयात रूपांतर करून ते महाराष्ट्र सरकारच्या हाती दिले.

मार्च २०२० मध्ये विप्रोचा भावही पडला होता. वर्षअखेरीस तो तळाच्या दुपटीहून वर गेला. तो रुग्णालयामुळे वाढला असे म्हणणे खोटे ठरेल. घरून काम सुरू झाल्याने संगणक सेवांची मागणीच वाढली. खालू मात्र आपल्या शब्दांत सांगतात, "भाव का वाढतो ते मला कळत नाही. पण हे लोक रात्रीतून पळून जाणार नाहीत, हे मला कळते."

दोन चाळण्या

आपल्यातले बरेच जण शेअर घेताना शरियाची चाळणी लावतात. दारू, जुगार, व्याजी बँका यांचा धंदा असलेल्या कंपन्या वगळायच्या आणि कर्जाचा बोजा ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या कंपन्याही वगळायच्या. निफ्टी ५० शरियासारखे निर्देशांक याच पद्धतीने बनतात. २००८ मध्ये सगळ्यात आधी बँका आणि कर्जबाजारी कंपन्या कोलमडल्या, तेव्हा या चाळणीचा फायदाही दिसला.

पण ही चाळणी कंपनी काय विकते आणि किती देणे लागते, हे बघते. ती कामगाराचा घाम सुकण्याआधी मजुरी देते का, गावच्या विहिरीत रसायन सोडते का, हिशोब खरे लिहिते का, हे त्या यादीतून कळत नाही. म्हणून दुसरी चाळणीही लागते.

बेंगळुरूच्या आयएमए प्रकरणाने हे आपल्याला फार महागात शिकवले. 'हलाल गुंतवणूक' या नावाखाली २००६ पासून हजारो कुटुंबांनी तेथे पैसे ठेवले. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. विधवांची पुंजी होती, मुलींच्या लग्नासाठी मोडलेले दागिने होते. दरमहा येणारा 'नफा' थांबला आणि जून २०१९ मध्ये प्रमुख देश सोडून गेला. पुढे त्याला अटक झाली, तपास सीबीआयकडे गेला. पैसे ठेवताना कुणी विचारले नव्हते की हा नफा नेमका कोणत्या धंद्यातून येतो. बोलण्यात अल्लाहचे नाव होते, तेवढ्याने आपण निश्चिंत झालो. अमानतीत खयानत किती मोठा गुन्हा आहे हे जाणणाऱ्या समाजाने अमानत देताना चौकशी करू नये, हे आपलेही चुकलेच.

घरबसल्या काय बघावे?

दुसरी चाळणी वापरायला पदवी लागत नाही. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजारांतील नोंदणीकृत कंपन्यांना 'जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल' देणे सेबीने सक्तीचे केले आहे. तो वार्षिक अहवालासोबत फुकट वाचता येतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना सोबत घेऊन बसावे आणि पुढील गोष्टी शोधाव्यात.

वर्षभरात कारखान्यात किती अपघात झाले, किती कामगार दगावले? कंत्राटी कामगारांचा त्यात समावेश आहे का? स्त्रियांना आणि पुरुषांना पगार किती? पाणी किती वापरले, सांडपाण्याचे काय केले? ग्राहकांच्या तक्रारी किती आल्या, किती सुटल्या? लेखापरीक्षकाने काही शेरा मारला आहे का? मागच्या संकटात या कंपनीने पहिल्या आठवड्यात काय केले, हेही जुन्या बातम्यांत सापडते.

समाजकार्याच्या खर्चाने भुलू नये. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. उरलेले ९८ टक्के कसे कमावले, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याच वहीचे पान

दुसऱ्याच्या कंपनीला तपासताना आमचे दुकान वगळले तर हा लेख अपुरा राहील. टाळेबंदीत आमच्याकडे तीन माणसे कामाला होती. पहिल्या महिन्यात आम्ही पूर्ण पगार दिला. दुसऱ्या महिन्यात हात आखडला आणि अर्धाच दिला. पैसे अगदीच नव्हते असे नाही. पुढे काय होईल, याची भीती होती. शेजारच्या दुकानदाराने आपल्या माणसांना पूर्ण पगार दिला, बायकोचे कंगन गहाण टाकून. दुकाने उघडली तेव्हा त्यांची सगळी माणसे पहिल्याच दिवशी हजर होती. आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर, ज्याच्या हातची शिलाई बघून गिऱ्हाईक यायचे, तो आला नाही. त्या वर्षी आमचा माल तोच होता, जागा तीच होती. पण दुकानाची किंमत कमी झाली होती आणि ती कोणत्याही रकान्यात दिसत नव्हती.

पुढच्या रमजानला वही उघडली, तेव्हा देण्याच्या रकान्यात अब्बांनी त्या कारागिराचे नाव लिहिले आणि पुढे अर्ध्या महिन्याची रक्कम. अम्मी म्हणाल्या, "एवढ्यावर थांबू नका, स्वतः नेऊन द्या." अब्बा त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याने बसायला दिले, इफ्तारला थांबवून घेतले, पैसे मोजून घेतले. कामावर परत येण्याबद्दल अब्बांनी विचारले तेव्हा म्हणाला, "चाचा, आता दुसरीकडे लागलो. तिकडे दोन्ही महिन्यांचा पगार मिळाला होता."